जुलैत सेविया : दोघं, दोन सॅक आणि रेल्वे. जमेल का?

रानजाई
जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही दोघं स्पेनच्या दक्षिणेला जायचं म्हणतोय. मुंबईहून विमानाने माद्रिद, पुढचं सगळं रेल्वेने. एकूण नऊ रात्री. कच्चा आराखडा : माद्रिद २, सेविया ५, कादिस २, मग कादिसहून माद्रिदला परत. कोर्दोबा वाटेतच लागतं, म्हणून सामानासकट पाच तास तिथे उतरायचं आणि संध्याकाळच्या गाडीने सेविया गाठायचं असा विचार आहे. चाकाची बॅग नाही, पाठीवर सॅक. मुक्काम हॉस्टेलमध्ये नाहीतर साध्या पेन्सियोनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये. जेवण शाकाहारी, अंडं चालतं.

१) युरेल पास (युरोपभर चालणारा रेल्वेचा पास) घ्यावा की सुटी तिकिटं?
२) सॅक किती लिटरची?
३) तिथला उन्हाळा खरंच इतका कडक असतो, की गोऱ्या लोकांचा कांगावा?

---

वऱ्हाडी मिरची
तिसऱ्याचं उत्तर : कांगावा नाही राजेहो. अकोल्याचा मे महिना डोळ्यापुढे आणा, मुंबईचा नको.

---

झुकझुक
पहिल्या प्रश्नाचं घेतो.

पास नको. पास परवडतो तो रोज गाडी धरणाऱ्याला. तुमचे मोठे प्रवास मोजा : माद्रिद-कोर्दोबा, कोर्दोबा-सेविया, सेविया-कादिस, कादिस-माद्रिद. चारच. त्यात स्पेनमध्ये नुसता पास दाखवून आवे या वेगवान गाडीत चढता येत नाही. प्रत्येक गाडीचं वेगळं आरक्षण लागतं, माणशी साधारण दहा युरो, आणि त्यासाठी बरेचदा स्टेशनच्या खिडकीवर नंबर लावावा लागतो. खिडक्याही दोन प्रकारच्या : आजच्या गाडीची वेगळी, पुढच्या तारखांची वेगळी. चुकीच्या रांगेत उभं राहिलात तर अर्धा तास पाण्यात. वर उईगो आणि आवलो या स्वस्त गाड्यांत पास चालतच नाही.

माद्रिद-सेविया ४७१ किमी, आवेने अडीच तास. हा स्पेनचा पहिला वेगवान मार्ग, सेवियाच्या जागतिक प्रदर्शनासाठी १९९२च्या एप्रिलमध्ये सुरू झालेला. आज त्यावर सरकारी रेल्वे कंपनी रेन्फेची आवे, तिचीच स्वस्त बहीण आवलो, फ्रेंच घराण्यातली उईगो आणि इटालियन भागीदारीची इर्यो अशा चार नावांच्या गाड्या धावतात. भाव विमानासारखे हलतात. दोन महिने आधी काढलेलं आणि आदल्या दिवशी काढलेलं तिकीट यात दुप्पट-तिप्पट फरक सहज पडतो.

तिकीट काढताना :
- दोघांचं एकाच व्यवहारात काढा. सर्वांत स्वस्त दरात जागा निवडता येत नाही, पण एकत्र काढलं तर बहुधा शेजारी मिळते.
- पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच, आणि पासपोर्ट क्रमांक हाताशी.
- स्वस्त तिकिटाची वेळ बदलायची तर पैसे पडतात. ज्या दिवशी विमानातून उतरणार त्याच दिवशीच्या गाडीसाठी ते काढू नका. तुमच्या माद्रिदच्या दोन रात्री आहेत, त्यामुळे चिंता नाही.
- तिकिटावरचं स्टेशनचं नाव वाचा. माद्रिदला अतोचा आणि चामार्तीन अशी दोन मोठी स्टेशनं आहेत, एक दक्षिणेला, एक उत्तरेला. नुसतं 'माद्रिद' लक्षात ठेवून निघालेले लोक धावपळ करताना दिसतात ते यामुळेच.

---

टवाळ
म्हणजे दादर मध्य आणि दादर पश्चिम. तिथे निदान पूल तरी आहे.

---

गाठोडं
सॅक. ४० लिटर, त्यावर एक नाही. कारण लिटरमध्ये नाही, सेंटिमीटरमध्ये आहे.

साध्या आवेत माणशी तीन नग, मिळून २५ किलो, आणि मोठ्यातला मोठा नग ८५ × ५५ × ३५ सेंमी. इथे ६५ लिटरची सॅकही बसते. पण उईगो आणि आवलोच्या मूळ भाड्यात एक लहान पिशवी आणि एक ५५ × ३५ × २५ सेंमीची बॅग, एवढंच. डोंगरात न्यायची ६५ लिटरची सॅक वरच्या टोपीसकट ७० सेंमीच्या पुढे जाते. म्हणजे स्वस्त तिकीट काढून सामानाचे पैसे वेगळे भरायचे. 'चाळीस लिटर' असं लेबल असलेल्या काही ट्रेकिंगच्या सॅकही ६० सेंमी उंच असतात, तेव्हा दुकानात फूटपट्टी लावा, लेबलवर जाऊ नका. आणि भरल्यावर मोजा. पुढचा खिसा फुगला की २५ चे ३२ होतात.

पाठीला जाळी ताणलेली सॅक घ्या, म्हणजे सॅक आणि पाठ यांत दोन बोटं हवा राहते. बिनजाळीच्या सॅकने दहा मिनिटांत सदरा पाठीला चिकटतो, आणि ओल्या पाठीवर पट्टा घासून संध्याकाळी खांदे सोलवटलेले असतात.

कपडे तीन जोड पुरे. सेवियाच्या कोरड्या हवेत रात्री धुतलेला सुती सदरा पहाटेपर्यंत खडखडीत. मात्र जीन्स नको. भरलेली सॅक माणशी सात-आठ किलोच्या आत, पाणी धरून. दोघांत एकच साबण, एकच पेस्ट, एकच चार्जर. 'आपापलं असू दे' म्हणून सगळं दोनदा घेतलं की दीड किलो वाढतं.

---

रानजाई
@गाठोडं, मोजपट्टीचं आवडलं. @झुकझुक, पासचा नाद सोडतेय, पण पूर्ण नाही. @वऱ्हाडी मिरची, अकोला म्हणजे नेमकं किती?

---

पर्जन्यमापक
सेवियाची जुलैची सरासरी कमाल ३६ अंश, रात्रीची किमान २० च्या आसपास. कोर्दोबा त्याहून अंशभर तापतं. लाट आली की दोन्हीकडे ४२-४४. कोर्दोबा प्रांतातल्या ला रांब्ला गावी १४ ऑगस्ट २०२१ रोजी ४७.६ अंशांची नोंद झाली आहे. उन्हाच्या लाटांना वादळांसारखी नावं द्यायला सेवियाने २०२२ मध्ये सुरुवात केली. नाव मिळालेली पहिली लाट त्या जुलैतली, झोए.

पण आकड्यांपेक्षा घड्याळ महत्त्वाचं, आणि आपल्याकडून जाणारे नेमके तिथेच फसतात. मुंबईत सूर्य डोक्यावर येतो तो साधारण साडेबारा-पाऊण वाजता. सेविया ग्रिनिचच्या पश्चिमेला, जवळपास ६ रेखांशांवर आहे, पण घड्याळ लावलंय बर्लिनचं, वर उन्हाळ्याचा एक तास पुढे. त्यामुळे जुलैत सूर्य माथ्यावर येतो दुपारी अडीचला. पारा सगळ्यात वर जातो संध्याकाळी पाच ते साडेसहाच्या दरम्यान. सूर्यास्त पावणेदहाला. आपण 'चार वाजले, ऊन उतरलं, चला फिरायला' म्हणून बाहेर पडतो तेव्हा तिथे भर दुपार असते.

याची दुसरी बाजू अशी की सकाळ लांब मिळते. उजाडतं सातच्या सुमाराला आणि साडेअकरापर्यंत हवा सुसह्य असते. फिरायच्या वेळा दोनच : ७ ते ११:३० आणि रात्री ९ ते १२:३०. मधले साडेनऊ तास छताखाली.

---

वऱ्हाडी मिरची
पर्जन्यमापकांनी पुस्तकातलं सांगितलं, मी घरातलं सांगतो. कोरड्या उन्हात घाम दिसत नाही, आल्याबरोबर उडतो. मुंबईकर अंग कोरडं पाहून म्हणतो 'मला काही होत नाहीये', आणि पाणी प्यायचं विसरतो. माणशी दिवसाला तीन-चार लिटर, तहान लागो न लागो.

फायदा असा की आपले सगळे विदर्भी उपाय तिथे चालतात. ओला दुपट्टा मानेवर टाकला की खरंच गार वाटतं, जे कोकणात होत नाही. तिथल्या लोकांचा माठही आहे : बोतिहो. मातीचा, वर मूठ, एका बाजूला भरायचं तोंड, दुसऱ्या बाजूला बारीक चोच. उचलून धार तोंडात सोडायची, ओठ लावायचे नाहीत. आपल्याकडे लोटा वरून पितो तसंच. खिडकीला पेर्सियाना म्हणजे गुंडाळायचा पट्ट्यांचा पडदा असतो. सकाळी दहाला खोलीबाहेर पडताना तो पूर्ण खाली सोडून जा. 'उजेड असू दे' म्हणून उघडा ठेवलात तर संध्याकाळी खोलीचा तंदूर झालेला असेल.

---

कडुलिंब
वर पाणी आलंय, मीठ राहिलं. नुसतं पाणी चार लिटर प्यायलं की डोकं दुखतं, मळमळतं, आणि लोक त्यालाच ऊन लागलं समजून आणखी पाणी पितात. क्षारांच्या पुड्या इथूनच सात-आठ न्या. संपल्या तर तिथल्या औषधाच्या दुकानात 'सुएरो ओराल' मागायचं. हिरवा क्रॉस लावलेलं दुकान म्हणजे फार्मासिया.

बाटलीची युक्ती : हॉस्टेलच्या फ्रीझरमध्ये बाटली एक-तृतीयांश भरून आडवी ठेवा. पूर्ण भरलेली उभी ठेवली तर फुटते, शिवाय बर्फाचा गोळा तोंडाशी अडकतो. सकाळी वरून पाणी ओतलं की अकरापर्यंत गार. नळाचं पाणी सेवियात पिण्याजोगं आहे, विकतच्या बाटल्या नकोत. कारंज्यावर 'नो पोताब्ले' लिहिलं असेल तर मात्र ते नाही.

चक्कर, पोटऱ्यांत गोळे, खूप घाम : सावलीत झोपवा, पाय वर, क्षारांचं पाणी घोटघोट. अंग तापलेलं आणि माणूस असंबद्ध बोलतोय : हा उष्माघात. पाजत बसू नका, कपडे सैल करा, काखेत-मानेवर ओलं कापड, वारा घाला आणि ११२ लावा. दोघंच आहात, म्हणून एक नियम ठरवून टाका : 'मी ठीक आहे' हे ज्याला बरं वाटत नाही त्याने ठरवायचं नाही, दुसऱ्याने ठरवायचं.

---

टवाळ
लग्नाला पंधरा वर्षं झाली असतील तर 'असंबद्ध बोलतोय' हे लक्षण ओळखणं अवघड आहे.

---

मोडीवाचक
धागाकर्तीच्या आराखड्यातली खरी चूक कोर्दोबात आहे, तिकडे कुणी बघितलं नाही. सामानासकट पाच तास उतरणं म्हणजे बहुधा ११ ते ४. बॅगा ठेवायला स्टेशनसमोरच्या बसस्थानकातला लॉकर शोधायचा, मग मेस्कितापर्यंत, म्हणजे कॅथेड्रल झालेल्या जुन्या मशिदीपर्यंत, पंचवीस मिनिटं पायी, भर उन्हात. आणि संध्याकाळी पाचला सेवियात उतरणार, म्हणजे पर्जन्यमापकांच्या हिशेबाने भट्टीच्या तोंडाशी.

मेस्किता सोमवार ते शनिवार सकाळी ८:३० ते ९:३० फुकट बघता येते. त्या तासाला गटांना सोडत नाहीत. साडेआठशेच्या वर खांब, तांबड्या-पांढऱ्या दुहेरी कमानी, आणि शांतता. दहानंतर तिकीट आणि गर्दी. तेव्हा कोर्दोबात एक रात्र राहा, सकाळी मेस्किता बघा आणि अकराच्या गाडीने सेविया गाठा.

---

झुकझुक
रात्रीला माझा विरोध. एका रात्रीसाठी दोनदा सॅक भरा, दोनदा हॉस्टेलची नोंदणी, आणि दुपारी बाराला सेवियात पोचलात तरी खोली दोन-तीनच्या आत मिळणार नाही.

उलटं करा. माद्रिदहून सकाळच्या गाडीने थेट सेविया. मग मधल्या एका दिवशी, रविवार सोडून, पहाटे सेवियाच्या सांता हुस्ता स्टेशनहून बिनसामानाचं कोर्दोबा. वेगवान गाडीने ४५ मिनिटं. आठच्या आत उतरायचं, थंड हवेत चालत जायचं, साडेआठला मेस्किता, दहाला न्याहारी, हुदेरिया म्हणजे जुन्या ज्यू वस्तीच्या गल्ल्या, एकपर्यंत सेवियात परत. लॉकर नको, ओझं नको.

दोन जादा तिकिटं पडतात हे खरं. पण त्याच रुळांवर 'आवान्त' नावाच्या प्रादेशिक गाड्या धावतात, वेग जवळपास तोच आणि भाडं आवेपेक्षा कमी. शोधताना पहिल्यांदा दिसेल ती आवे घेऊ नका, यादी खालपर्यंत बघा. त्याहून स्वस्त मेदिया दिस्तान्सिया, म्हणजे मध्यम पल्ल्याची साधी गाडी, जुन्या मार्गाने सव्वा-दीड तास घेते. पहाटेला ती सोयीची नाही, परतीला चालेल.

---

मोडीवाचक
बिनसामानाचा मुद्दा मान्य. पण मग कोर्दोबाची रात्र हुकली. तिथली अंगणं आणि पांढऱ्या भिंती दिव्यात बघायच्या असतात. असो. नऊ रात्रींत सगळं बसत नाही.

---

हिंगपूड
खाण्याचं कुणी काढलं नाही, म्हणून.

आधी वेळा. दुपारचं जेवण दोन ते चार. मग स्वयंपाकघर बंद. रात्री साडेआठच्या आत गरम काही मिळणं कठीण, खरी वर्दळ दहाला. संध्याकाळी सातला भूक लागली तर बारमध्ये बटाट्याचं ऑम्लेट, म्हणजे तोर्तिया, थंड मिळतं. तुमचं अंडं चालतं, तेव्हा निम्मी काळजी मिटली.

'शाकाहारी' शब्दावर विसंबू नका. 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको म्हटलं तरी सॅलडमध्ये टूना येतो, कारण तो मासा, मांस नव्हे. पूर्ण वाक्य पाठ करा : 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन अतून'. हामोन म्हणजे डुकराचं खारवून सुकवलेलं मांस, अतून म्हणजे टूना. क्रोकेता दिसायला आपल्या बटाट्याच्या पॅटिससारखे, आत बहुधा हामोन, तेव्हा विचारल्याशिवाय नको. साल्मोरेहो म्हणजे टोमॅटो-पावाचं दाट गार सूप, त्यावर उकडलेल्या अंड्याबरोबर हामोनचे तुकडे भुरभुरतात. 'सिन हामोन' आधीच सांगायचं.

सेवियाचा अस्सल शाकाहारी पदार्थ : एस्पिनाकास कोन गारबान्सोस. पालक आणि काबुली चणे, लसूण, जिरं, तिखट नसलेली लाल पूड, दाटपणाला तळलेला पाव वाटून. जिऱ्याचा वास आला की परकं वाटत नाही. दुसरं, वांग्याच्या तळलेल्या चकत्यांवर मध किंवा काकवी.

साल्मोरेहो हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातही होतो, गॅस पेटवायला नको. एक किलो पिकलेले टोमॅटो, २०० ग्रॅम शिळा पाव, १०० मिली ऑलिव्ह तेल, लसणीची एक पाकळी, चमचाभर मीठ. टोमॅटो वाटून गाळा, पाव त्यात दहा मिनिटं भिजवा, पुन्हा वाटा, शेवटी तेलाची धार सोडत फिरवा. तेल आधी घातलं तर केशरी, मऊसर होत नाही, फुटतं आणि वर तवंग येतो. फ्रिजमध्ये दोन तास. पाव आहे म्हणून पोट भरतं, टोमॅटोचंच दुसरं गार सूप गास्पाचो पातळ असतो, तो पेल्यातून प्यायचा.

---

सांडगे
@हिंगपूड, म्हणजे गार केलेलं टोमॅटोचं सार, फोडणी विसरून?

---

हिंगपूड
गास्पाचोला म्हणा हवं तर. साल्मोरेहोला म्हणालात तर कोर्दोबाचे लोक रुळावर आडवे होतील.

इथून खाऊ नेणार असाल तर पेढे-बर्फी नको. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. चकली, बाकरवडी, चिक्की, कोरडी आमसुलं चालतील. आमसुलं थंड पाण्यात चिमूटभर मीठ घालून भिजवली की कडुलिंबांची पुडी वाचते. चॉकलेट सॅकमध्ये ठेवाल तर चमच्याने खावं लागेल.

---

अनुस्वार
उच्चार. पाटीवर जोड-एल असतो, तो 'सेविया' असाच म्हणायचा, 'सेविला' नाही. आणि आंदालुसियात शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात. 'दोस काफेस' ऐकू येतं 'दो काफे'. चुकलं म्हणून पुन्हा विचारत बसू नका, तसंच बोलतात.

---

झुकझुक
थोडं अवांतर, पण आवडीचं. स्पेनचे जुने रूळ १६६८ मिमी रुंद, आपले १६७६. फरक ८ मिमी! वेगवान मार्ग मात्र इतर युरोपासारखा १४३५. मग कादिसहून माद्रिदला येणारी गाडी करते काय? निघते रुंद रुळांवर, सेवियाजवळ माहाराबिकेला एका शेडमधून संथ चालीने जाते, तिथे चाकं आपसूक आत सरकतात, आणि पुढे वेगवान मार्ग धरते. डब्यात बसल्या जागी फक्त थोडी घरघर ऐकू येते. तुमच्या परतीची गाडी हीच, आल्विया, सव्वाचार तासांच्या आसपास. अशी चाकं करणाऱ्या टाल्गो कंपनीचे डबे २०१६ साली दिल्ली-मुंबई चाचणीला आपल्याकडे आले होते.

---

टवाळ
तेव्हाच चाकं ८ मिमी सरकवून इथेच ठेवून घ्यायला हवी होती.

---

सांडगे
रात्रीची शयनयान गाडी नाही का माद्रिदहून? हॉस्टेलचं एक भाडं वाचलं असतं.

---

झुकझुक
अडीच तासांत झोपणार किती? तसंही स्पेनच्या रात्रीच्या ट्रेनहोटेल गाड्या २०२० पासून बंद आहेत. लिस्बनहून सेवियाला थेट गाडीही नाही, तिथून बसच. कुणी 'लिस्बन जोडून घ्या' म्हणेल म्हणून आधीच सांगून ठेवतो.

---

गाठोडं
स्टेशनवरचा क्रम लिहितो, कारण पहिल्यांदा गोंधळ होतो. अतोचाला सुटण्याआधी निदान अर्धा तास पोचा. सामान क्ष-किरण यंत्रातून जातं, मगच आतल्या प्रतीक्षागृहात जाता येतं. फलाट आधी ठरलेला नसतो. फलकावर गाडीपुढे 'विया' आणि आकडा उमटला की सगळे उठतात. 'कोचे' म्हणजे डबा, 'प्लासा' म्हणजे आसन. रेन्फेचा दरवाजा सुटायच्या दोन मिनिटं आधी मिटतो आणि पुन्हा उघडत नाही. आपल्यासारखं धावत्या गाडीला लटकणं नाही.

तिकिटाचा चौकोनी कोड फोनमध्ये असेल तर त्याचं चित्र साठवून ठेवा आणि एक प्रत कागदावर छापा. सेवियाच्या उन्हात फोन तापून स्वतःच बंद पडतो, आणि तो नेमका गाडीच्या वेळी.

गाडीत मात्र इतकं गार करतात की शाल वरच्या खिशात हवी.

---

पर्जन्यमापक
खिडकीची बाजू : माद्रिद-सेविया गाडी नैर्ऋत्येकडे जाते. सकाळी उजवीकडची खिडकी सावलीत, दुपारनंतर डावीकडची. बैलझुंजीच्या रिंगणात तर सावलीच्या आसनाचं तिकीट उन्हाच्या आसनापेक्षा महाग असतं, इतकं हे गणित तिथल्यांना पाठ आहे.

---

मोडीवाचक
सांता हुस्ताहून गावात. सॅक घेऊन कॅथेड्रलपर्यंत चालत जवळपास अर्धा तास, बारा वाजता नको. रेन्फेच्या लांब पल्ल्याच्या तिकिटावर 'कोम्बिनादो सेर्कानियास' असा कोड असतो. तो स्टेशनच्या यंत्रात घातला की लोकलचं तिकीट फुकट निघतं. एकच स्टेशन जायचं, सान बेर्नार्दो. बाहेर ट्राम, ती कॅथेड्रलच्या दारात आर्चिवो दे इंदियासला सोडते. बहुतेकांना कोड माहीतच नसतो, तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो. उईगो-इर्योच्या तिकिटावर तो शोधू नका.

खोली निवडताना तीन शब्द बघा. 'आइरे आकोंदिसियोनादो' म्हणजे एसी, 'वेन्तिलादोर' म्हणजे नुसता पंखा. जुलैत दुसरा नको. 'आतिको' म्हणजे सगळ्यात वरचा मजला, फोटो सुंदर आणि छत तव्यासारखं. 'इन्तेरिओर' म्हणजे आतल्या चौकात उघडणारी खोली. आपण बाहेरचा देखावा मागतो, पण इथे आतली खोली गार आणि शांत, शिवाय स्वस्त. नोंदणीला दोघांचेही पासपोर्ट लागतात, हा तिथला कायदाच आहे, तेव्हा 'एकाचा दाखवला की झालं' असं होत नाही.

गिराल्दा, म्हणजे कॅथेड्रलचा मनोरा, सकाळी पहिल्या वेळेत. वर जायला शेवटच्या थोड्या सोडल्या तर पायऱ्या नाहीत, पस्तीस उतार आहेत, बांग देणाऱ्याला घोड्यावरून जाता यावं म्हणून केलेले. अल्काझार राजवाड्याचं तिकीट वेळ ठरवून आधीच काढा. भर दुपारी काय करायचं? झोपा. झोप येत नसेल तर बेयास आर्तेस संग्रहालय, जुना मठ आहे, भिंती जाड. सिएर्पेस रस्त्यावर उन्हाळ्यात समोरासमोरच्या घरांच्या मधोमध कापडी तोल्दो ताणतात, त्या सावलीतून जाता येतं. रात्री नदीवरचा त्रियानाचा पूल ओलांडा.

---

वऱ्हाडी मिरची
एवढं सगळं वाचल्यावर मला पुन्हा अकोला आवडायला लागलं. तिथे निदान दुपारी झोपायला तिकीट काढावं लागत नाही.

---

रानजाई
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. बदललेला बेत :

माद्रिद २ रात्री, मग सकाळची आवे, थेट सेविया. मधल्या एका दिवशी पहाटे बिनसामानाचं कोर्दोबा. पाचव्या रात्रीनंतर सकाळी कादिस, दोन रात्री, तिथून आल्वियाने माद्रिद. पास नाही, पाच सुटी तिकिटं. सॅक ४० लिटरच्या दोन, भरून मोजणार. इन्तेरिओर खोली, एसीसकट. एक शंका राहते : कादिसलाही तोच तवा का?

---

पर्जन्यमापक
नाही. तीन बाजूंनी अटलांटिक. सेविया ४० वर असताना कादिस बहुधा २८-३० वर असतं. फक्त वारा बघा : पोनिएंते म्हणजे पश्चिमेचा, समुद्रावरून येतो, गार. लेवांते पूर्वेचा, कोरडा आणि गरम, तो सुटला की वाळू डोळ्यांत. सेवियाहून मेदिया दिस्तान्सियाने पावणेदोन तासांच्या आत, स्टेशन जुन्या गावाच्या तोंडाशीच.

---

झुकझुक
बेत उत्तम. दोन दुरुस्त्या. पाच नाही, माणशी पाच : कोर्दोबाचं जाणं आणि येणं वेगळं धरा. आणि कादिस-माद्रिद आल्विया दिवसाला मोजक्याच असतात, तेव्हा तिचं तिकीट सगळ्यांत आधी काढा, माद्रिद-सेवियाचं नंतर काढलंत तरी चालेल. ते दर अर्ध्या-एक तासाने मिळतं.

---

मोडीवाचक
आणि बेयास आर्तेस सोमवारी बंद.